सतरा किलोमीटर अलीकडे

वहिनीला ओझं म्हणून खपायचं नाही. घोड्यावर बसायचं तर घोड्याला आपण जड होता कामा नये, एवढं एकच तत्त्व तिनं आयुष्यभर पाळलं. नव्वद किलोमीटरच्या दौडीलाही ती पाण्याची एक बाटली, दोन केळी आणि खिशात चाकू एवढ्यावर निघायची. तिची नणंद याच्या अगदी उलट. बावीस वर्षं सरकारी इस्पितळात परिचारिका, त्यातली अकरा अपघात विभागात. त्यामुळे दौडीच्या मंडळात लहानथोर सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणायचे, आणि चिडवायची लहर आली की वहिनीही तेच म्हणायची. सिस्टरच्या कमरेला एक फुगलेला पट्टा असे. त्यात पट्ट्या, कात्री, शिट्टी, मीठ-साखरेच्या पुड्या आणि ऊब धरून ठेवणारी ती चंदेरी चादर, घडी केली की मुठीत मावणारी.

“फिरतं इस्पितळच घेऊन निघालीस,” वहिनी म्हणायची. “आता एक खाट तेवढी राहिली.”

“खाट तुझ्या घोडीवर टाकू.”

“माझी घोडी तुला खाली पाडेल खाटेसकट.”

दोघींचं असं चालायचं. नणंद-भावजयीपेक्षा त्या मैत्रिणीच जास्त. सिस्टरनं लग्न केलं नव्हतं, दादा-वहिनीला मूलबाळ नव्हतं. घरात चार घोडे होते आणि रविवारी सिस्टर असायची. चाळिशीनंतर तिला घोड्यावर बसायला वहिनीनंच शिकवलं, शिव्या घालत घालत.

त्या वर्षीची दौड उजाड पठारावरून होती. तीन टप्पे, मध्ये दोन तपासणी नाके. पहिला नाका चोवीस किलोमीटरवर, दुसरा बासष्टवर. या दोन नाक्यांच्या मधल्या अडतीस किलोमीटरांत ना रस्ता, ना वस्ती, ना फोनला रेंज. म्हणून प्रत्येक जोडीला एक नारिंगी डबी दिली जायची. झाकण उघडून आतलं बटण दाबलं की थेट उपग्रहाला संदेश जाई आणि बचाव पथकाला जागा कळे. वर्षानुवर्षं त्या डब्या कुणी उघडल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचं फारसं कौतुकही कुणाला उरलं नव्हतं.

कौतुक होतं ते फक्त शिट्टीवाल्या काकांना. काका म्हणजे निवृत्त भूमापक, गळ्यात कायम शिट्टी, सुरुवातीच्या जागेवर प्रत्येक स्वाराचं सामान तपासायचं काम त्यांचं. दर वर्षी तेच भाषण, त्याच शब्दांत. “पडलात की घोडा तुमचा राहत नाही. खोगिरावर जे असेल ते घोड्याबरोबर गेलं. अंगावर असेल तेवढंच तुमचं. डबी अंगावर बांधा.” मागच्या रांगेतले स्वार ओठ हलवून भाषणाची नक्कल करायचे. वहिनी तर अगदी खोकल्यासकट करायची.

त्या पहाटे काका यादी घेऊन त्यांच्याजवळ आले, तेव्हा वहिनी वाकून करड्या घोडीचा खूर बघत होती. दादा पलीकडच्या बाजूनं खोगिराचा पोटाखालचा तंग आवळत होता. नारिंगी डबी खोगिराच्या पुढच्या कडीला लटकत होती. सिस्टरनं ती पाहिली होती. दोन वर्षांपूर्वी वहिनीच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि डबीचा पट्टा नेमका तिथंच रुतायचा, हेही तिला ठाऊक होतं. आपण घ्यावी का, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण डबी वहिनीच्या नावावर दिलेली. वहिनीकडून घोड्याच्या बाबतीतली एखादी गोष्ट काढून घेणं म्हणजे अख्खा दिवस टोमणे ऐकणं.

“डबी?” काकांनी विचारलं.

“आहे, काका,” सिस्टर म्हणाली.

“अंगावर?”

“हो हो, अंगावर.”

काकांनी यादीवर खूण केली आणि ते पुढे गेले. सिस्टरच्या शब्दावर कोण शंका घेणार? आपण खोटं बोललो असं त्या क्षणी तिला वाटलंसुद्धा नाही. पाच मिनिटांची कटकट वाचवली, एवढंच.

पहिल्या नाक्यावर रखडायला झालं. तिथले जनावरांचे डॉक्टर प्रत्येक घोड्याची नाडी बघायचे आणि ती खाली आल्याशिवाय पुढे सोडायचे नाहीत. करडीची नाडी काही केल्या उतरेना. पाणी मारून, फिरवून, सावलीत उभी करून चाळीस मिनिटं गेली. बाकीचे सगळे पुढे निघून गेले. त्यात सगळ्यांच्या मागून चालणारा जो मदतनीस स्वार असायचा, त्याचा घोडा त्याच नाक्यावर लंगडा ठरला.

“मागे कुणी नसेल तुमच्या,” डॉक्टर म्हणाले. “पाऊण तासात दुसरा घोडा आणतायत. थांबता?”

“पाऊण तास थांबलो तर वेळेत पोचतच नाही,” वहिनी म्हणाली. “आणि आम्हाला राखणदार कशाला? ही आहे की, कमरेला इस्पितळ बांधून.”

डॉक्टर हसले. सिस्टरही हसली. त्या निघाल्या.

पुढचे एकवीस किलोमीटर बरे गेले. वारा होता. वहिनी पुढे, करडीवर, सिस्टर मागे तिच्या तपकिरी घोड्यावर. तो सतरा वर्षांचा, म्हणून त्याला सगळे ‘म्हातारा’ म्हणत. सव्वादहाच्या सुमारास त्या एका कोरड्या ओढ्याशी आल्या. उतार फार अवघड नव्हता. असे दहा उतार सकाळपासून झाले होते. वहिनीनं सवयीप्रमाणे लगाम सैल सोडला, अंग मागे टाकलं. अर्ध्यावर करडीच्या पुढच्या पायांखालची दगडाची मोठी चीप सरकली. घोडी आधी गुडघ्यांवर आली, मग आडवी झाली आणि वहिनीला खाली घेऊन पूर्ण एकदा लोळली. मग उठून उभी राहिली.

सिस्टर उतरून धावली तेव्हा वहिनी पाठीवर पडली होती, डोळे उघडे.

“मी ठीक आहे,” वहिनी म्हणाली. “घोडी धर आधी. डबी.”

करडी तीस पावलांवर थरथरत उभी होती. खोगिरावर नारिंगी ठिपका स्वच्छ दिसत होता.

अकरा वर्षं अपघात विभागात काढलेल्या बाईनं आधी काय करायला हवं होतं, हे सिस्टरला त्यानंतर कुणी सांगायची गरज पडली नाही. तेव्हा मात्र तिनं एवढंच पाहिलं की वहिनी शुद्धीवर आहे, बोलते आहे, श्वास नीट आहे. आणि सगळी मदत त्या तीस पावलांवर लटकते आहे. ती घोडीकडे गेली.

“ये गं, ये बाळा,” म्हणत, हात पुढे करून, हळूहळू. करडीनं तिला दहा पावलांपर्यंत येऊ दिलं आणि मग मागे सरकली. पुन्हा तेच. सिस्टरनं खिशातलं केळं काढून दाखवलं. घोडीनं मान लांबवली, नाकपुड्या फुलवल्या. लगाम बोटाच्या अंतरावर आला, आणि कुठंतरी एक दगड घरंगळला. करडी वळली ती दुडक्या चालीनं टेकाड चढून पलीकडे गेली. सिस्टर धापा टाकत माथ्यावर पोचली, तेव्हा दूर पठारावर धुळीची एक बारीक रेघ तेवढी दिसत होती.

घड्याळात पाहिलं. वीस मिनिटं गेली होती.

ती परतली आणि वहिनीच्या चेहऱ्यावर वाकली. रंग राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम होता आणि तो थंड होता. मनगटावर बोटं ठेवली, तर नाडी बारीक आणि भरधाव. तिनं दोन्ही तळवे वहिनीच्या कमरेच्या हाडांवर ठेवून अगदी हलका दाब दिला. वहिनीच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिनं आयुष्यात कधी काढला नसेल.

“घोडी?” वहिनीनं विचारलं.

“गेली.”

“किती वाईट आहे?”

“कमरेचं हाड मोडलंय.”

“ते नाही विचारलं. किती वाईट?”

सिस्टरनं तिच्याशी कधी रुग्णासारखं बोलून पाहिलं नव्हतं. जमलंही नसतं. “वाईट आहे,” ती म्हणाली. “आतून रक्त जातंय.”

मग तिचे हात कामाला लागले. म्हाताऱ्याच्या रिकिबींचे पट्टे सोडले, गळ्यातला मोठा सुती रुमाल वहिनीच्या कमरेखालून सरकवून घेतला आणि कंबर गच्च आवळून बांधली. गुडघ्यांच्या मध्ये म्हाताऱ्याच्या खोगिरामागच्या घोंगडीची घडी घालून पाय एकत्र बांधले. चंदेरी चादर अंगावर घालून कडांवर दगड ठेवले. उन्हासाठी स्वतःची टोपी तिच्या चेहऱ्यावर धरली, मग तिच्याच हातात दिली. हे करता करता मनातल्या मनात हिशेब चालू होता आणि तो कुठूनही मांडला तरी जुळत नव्हता. दुसरा नाका सतरा किलोमीटरवर. तो तीनला बंद होणार. आपण आलो नाही हे तीनला कळेल, शोधाशोध चारच्या आत सुरू होणार नाही, म्हणजे माणसं इथं येईपर्यंत सहा. मागून येणारं कुणी नाही. आणि आता वाजले होते पावणेअकरा.

“जा तू,” वहिनी म्हणाली.

“एकटीला सोडून?”

“बसून काय करणार? माझं तोंड बघणार?” तिला श्वास घ्यायला थांबावं लागलं. “जा. म्हाताऱ्याला उतारावर पळवू नकोस, चढावर सुटा सोड.”

सिस्टरनं पाण्याची बाटली तिच्या उजव्या हाताशी ठेवली, शिट्टी गळ्यात घातली. “घोट घोट. ओठ ओले करण्यापुरतं. कुणाचा आवाज आला की शिट्टी वाजव.”

“तुझ्या दादाला सांगताना आधी सांग की मी बोलत होते. आधी ते सांग. नाहीतर त्याचं काळीज तिथंच बंद पडायचं.”

“तूच सांग त्याला.”

रिकिबी नसल्यानं तिला एका खडकावर चढून घोड्यावर बसावं लागलं. लगाम हातात घेतला तेव्हा मागून हाक आली, “सिस्टर.”

ती वळली. वहिनी तिच्याकडे बघत होती. वहिनीच्या नजरेत भीती सिस्टरनं पहिल्यांदा पाहिली.

“काही नाही,” वहिनी म्हणाली. “जा.”

ते सतरा किलोमीटर तिला नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवायचे. रिकिबींशिवाय दुडक्या चालीत बसणं म्हणजे पाठीच्या मणक्याला हातोडे. वाट फुटायची तिथं ती पट्टीचा एक तुकडा कापून झुडपाला बांधायची, परतताना शोधत बसायला नको म्हणून. आठव्या किलोमीटरनंतर म्हाताऱ्याच्या तोंडाला फेस आला. एका चढावर तो थांबलाच, आणि तिनं त्याला मारलं. चाबूक नव्हता, म्हणून लगामाच्या टोकानं मारलं. मग मानेवर डोकं टेकून “चल रे राजा, एवढं एकदाच,” असं काहीबाही बोलत राहिली. तो चालला.

दुसऱ्या नाक्यावर दादा दोन बादल्या भरून उभा होता. घरी तो पंप दुरुस्त करायचा आणि दौडीच्या दिवशी बायको-बहिणीच्या घोड्यांना पाणी पाजायचा. दूरवर त्याला एकच घोडा दिसला. एकच घोडा आणि त्यावर बेबी. सेहेचाळीस वर्षांच्या बहिणीला तो अजून बेबीच म्हणायचा. बादली खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. हातात बादली घेऊन तो तिच्या दिशेनं चालत राहिला, पाणी पायांवर सांडत होतं.

“ती कुठंय?”

“ती बोलत होती, दादा,” सिस्टर म्हणाली. “मी निघाले तेव्हा बोलत होती.”

पाऊण वाजला होता. वायरलेसवरून निरोप गेला. नाक्यावरची जीप पठारावर जाईल तिथवर गेली. पुढे पाच किलोमीटर चार माणसं स्ट्रेचर घेऊन, दादा आणि सिस्टर पायी. तिच्या मांड्या सोलवटल्या होत्या, पाय उचलत नव्हते. “तुम्ही थांबा जीपपाशी,” असं एकानं सांगितलं, तर ती त्याच्या अंगावर ओरडली. पट्टीचे तुकडे जागच्या जागी होते. एकदाही वाट चुकली नाही.

नेमकी जागा कळत नसल्यानं बचाव पथकाचं हेलिकॉप्टर बराच वेळ पठारावर घिरट्या घालत राहिलं; ते आणि ही माणसं जवळजवळ बरोबरच पोचली, अडीचच्या सुमारास. ओढ्याच्या अलीकडे सिस्टरनं हाताची ओंजळ करून हाक मारली. सगळे उभे राहून ऐकत होते. शिट्टी वाजली नाही.

दादा पळत सुटला.

चंदेरी चादर वाऱ्यानं एका बाजूनं सुटून फडफडत होती. वहिनीनं टोपी चेहऱ्यावर ओढून घेतली होती, ऊन लागतं म्हणून झोपावं तशी. बाटलीतलं पाणी दोन बोटं तेवढं कमी झालं होतं. दादा तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसला आणि तिच्या गालाला हात लावून म्हणाला, “आलो बघ.” पुन्हा म्हणाला. सिस्टरनं मानेवर बोटं ठेवली. ठेवायची गरज नव्हती. तिनं ती तरीही पूर्ण एक मिनिट ठेवली, घड्याळ लावून, कारण दुसरं काय करायचं हे तिला कळेना.

शवचिकित्सा झाली. कमरेच्या आतली मोठी रक्तवाहिनी फाटली होती. इस्पितळातला तिच्या ओळखीचा शल्यचिकित्सक तिला बाजूला घेऊन म्हणाला, “तुम्ही बांधलंत म्हणून तासभर तरी जास्त मिळाला.” हे तो चांगुलपणानं बोलला, हे तिला कळत होतं. तिनं विचारलं, “बाराच्या आत वहिनी तुमच्या हातात मिळाली असती तर?” तो खिडकीबाहेर बघायला लागला. पुढे तिनं शिट्टीवाल्या काकांना फोन केला. डबी दाबल्यावर हेलिकॉप्टर किती वेळात येतं, एवढंच विचारलं.  काका म्हणाले, “पाऊण तास. वारा असला तर तास.” आणि मग, “माझ्या यादीवर खूण आहे, सिस्टर. मी हात लावून बघायला हवं होतं.”

“मी खोटं बोलले तुमच्याशी,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

करडी चौथ्या दिवशी एका मेंढपाळाला सापडली. खोगीर फिरून पोटाखाली गेलेलं, पाठ सोललेली, एका पायाला खोल जखम. डबी कडीला होती तशीच होती. दादानं ती सोडवली, काकांकडे पोचती केली, पण घोडीकडे बघितलं नाही. तिला तबेल्यात बांधली ती सिस्टरनं. तिनं पंधरा दिवसांची रजा काढून दादाकडे मुक्काम टाकला होता. सकाळ-संध्याकाळ ती घोडीच्या जखमा धुवायची, औषध लावायची, माश्या हाकलायची. तिच्या मनात घोडीवर राग यायचा, मग ओसरायचा. जनावर भेदरलं आणि पळालं. त्याचं काय चुकलं?

आठव्या की नवव्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, दादा ताटापाशीच बसून राहिला. हात वाळून गेला तरी उठेना.

“तू थांबली असतीस तर?” त्यानं विचारलं. आवाजात आरोप नव्हता.

“तरी गेली असती. पण एकटी गेली नसती.” मग तिनं ते सांगितलं, जे इतके दिवस त्याला सांगितलं नव्हतं. डबी कडीला पाहिली होती, काकांना अंगावर आहे म्हणून सांगितलं. घोडीमागे वीस मिनिटं घालवली. सगळं, क्रमानं, इस्पितळात ड्यूटी बदलताना सांगतात तसं. सांगून झाल्यावर ती वाट बघत राहिली, की दादानं आता ताट भिरकवावं, थोबाडीत मारावी, काहीही करावं.

दादा ताटातल्या भाताच्या शितांकडे बघत होता.

“कडीला कुणी अडकवली?” तो म्हणाला.

“वहिनीनंच असेल.”

“तिनं अंगावरच बांधली होती. अगदी शहाण्यासारखी, काकांना दाखवायला म्हणून. पण सारखी बरगडीला हात लावत होती. मीच म्हटलं, काढ ते, दुखतंय तर कशाला? मीच काढली, मीच अडकवली. ती म्हणाली, काका ओरडतील. मी म्हटलं, बेबी सांभाळून घेईल.”



“बेबी सांभाळून घेईल,” दादा पुन्हा म्हणाला आणि मग त्याच्या छातीतून हुंदका फुटला. असा रडताना तिनं त्याला आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. ती उठून त्याच्याजवळ गेली नाही. गेली असती तर दोघांनी एकमेकांना माफ केल्यासारखं झालं असतं, आणि तसं काही झालेलं नव्हतं. ती समोर बसून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं दोन्ही ताटं उचलली आणि घासायला घेतली.

रजा संपली, ती कामावर रुजू झाली. दौडीच्या मंडळानं डब्यांची चौकशी केली, नियम कडक केले, तिला स्वारांसमोर दोन शब्द बोलायला बोलावलं. ती गेली नाही. एक पान लिहून पाठवलं. काय घडलं, किती वाजता, कुणाच्या हातून, एवढंच त्यात होतं. आपलं नाव तिनं पहिल्या ओळीत लिहिलं. दादाचं लिहिलं नाही. म्हातारा त्या दिवसानंतर पुन्हा धावला नाही. त्याचे पाय कायमचे सुजले, तो पाठीमागच्या कुरणात चरत असतो. बाकीचे दोन घोडे दादानं ओळखीच्या माणसांना देऊन टाकले.

करडीला द्यायचं काही त्याच्याच्यानं होईना. तिची जखम भरली तरी तो तबेल्याच्या दारातूनच पेंढी आत टाकायचा आणि वळायचा. दोन महिने असे गेले. मग एका रविवारी सिस्टर आली, तर तो तबेल्याच्या दारात उभा, हातात दोर.

“उभी राहून राहून पाय आखडलेत तिचे,” तो म्हणाला. “चालवायला पाहिजे.”

“मी नेते.”

“नको. दोघं जाऊ.”

त्यानं आत जाऊन घोडीच्या गळ्यात दोर अडकवला. करडीनं त्याचा खांदा हुंगला, तो तसाच उभा राहिला, डोळे मिटून. मग ते तिघं बाहेर पडले. मध्ये घोडी, एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला सिस्टर, कालव्याच्या कडेनं, पायी. घोडी अजून किंचित लंगडत होती.

“डावा मागचा,” दादा म्हणाला.

“हो,” सिस्टर म्हणाली. “उद्या बघते.”

पुलापाशी पोचल्यावर त्यांनी घोडीला वळवलं आणि ते घराकडे निघाले.